१/७२ मधलं नवं मारुत: किट अचूक आहे हे ठरवायचं कसं?

कासवगती

मंडळी, आपल्या एचएफ-२४ मारुतचं, म्हणजे भारतीय लढाऊ जेटचं, साच्यातलं, बऱ्यापैकी दिसणारं १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं) प्लास्टिक मॉडेलचं किट अखेर हाती पडलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. नाव आलं की धागा कंपनीवर जातो आणि विमान बाजूला राहतं, हे आपण इथे अनेकदा पाहिलंय.

अजून काही चिकटवलेलं नाही. धडाचे दोन अर्ध मास्किंग टेपने जोडले, पंख नुसते अडकवले आणि कॅलिपर लावला. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ९.०० मीटर, भागिले ७२, म्हणजे १२५ मिमी. किट भरलं १२४.७. लांबी १५.८७ मीटर, म्हणजे २२०.४. किट २२० च्या आगेमागे. इथवर मी खूश होतो.

मग प्लॅन, म्हणजे विमानाचं मापात काढलेलं रेखाचित्र, काढला. एका मित्राकडे जुन्या मासिकाचं पान होतं, त्याचा त्याने मोबाईलवर फोटो काढून पाठवला. मी दुकानात जाऊन लांबी बरोबर २२० येईल एवढा मोठा करून प्रिंट काढला. त्यावर धड आडवं ठेवलं, तर पाठीकडूनही बाहेर आणि पोटाकडूनही बाहेर! मिळून जवळपास एक मिलिमीटर. खऱ्या विमानात सात सेंटिमीटर झाले की हो. कॅनोपी (वैमानिकाच्या डोक्यावरची काच) तेवढी प्लॅनवर चपखल बसते, त्याबद्दल कंपनीला पैकीच्या पैकी.

मारुत म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते लांब टोकदार नाक आणि सडपातळ अंग. हे दिवाळीचा फराळ नुकताच संपवून उठल्यासारखं दिसतंय. तासून घेऊ का? आणि मुळात, किट अचूक आहे की नाही हे तुम्ही कशावरून ठरवता?

भुरटा वैमानिक

मारुती म्हणजे ८०० ना? अ‍ॅव्हरेज मस्त द्यायची.

(हलके घ्या.)

फुटपट्टी

प्लॅनवर विमानाची उंची मोजली का? ५० यायला हवी.

कासवगती

@फुटपट्टी, लांबी आणि पंखविस्तार दोन्ही बरोबर आहेत, वर लिहिलंय.

शेवटचा स्प्रू

तीस वर्षं मॉडेलं करतोय. माझी कसोटी सोपी आहे. मॉडेल पुरं करायचं, कपाटात ठेवायचं, चार पावलं मागे जायचं. मारुत दिसतंय? मग ते मारुत आहे. एक मिलिमीटरसाठी तासायला बसलात तर आधी पॅनेलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) रेषा जाणार, मग त्या पुन्हा कोरायला बसणार, मग हात घसरणार, मग किट खोक्यात आणि खोकं माळ्यावर. माझ्या माळ्यावर अशी अकरा "अचूक" विमानं आहेत. एकही पुरं नाही.

धागाकर्त्याला अनाहूत सल्ला: कॅलिपर मुलाला द्या भूमितीसाठी आणि चिकटवायला घ्या.

कॅलिपरकाकू

स्प्रूभाऊ, मत पटलं नाही. "दिसतंय ना" हे त्याच माणसाला म्हणता येतं ज्याने खरं विमान कधी नीट पाहिलेलं नाही. आपल्या आत्याचं चित्र कुणी काढलं आणि नाक जरा रुंद झालं, तर चार पावलं मागे जाऊनही कळतं की ही आत्या नव्हे.

मापं महत्त्वाची असतात याचं गाजलेलं उदाहरण देते. २०१४ साली एडुआर्ड या किट-कंपनीचं १/४८ मधलं मेसरश्मिट बीएफ १०९ जी-६, दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन लढाऊ विमान, आलं. बारकावे असे की बघत राहावं. लोकांनी पट्ट्या लावल्या तर विमान प्रमाणापेक्षा मोठं. खऱ्याचा पंखविस्तार ९.९२ मीटर, म्हणजे १/४८ ला २०६.७ मिमी व्हायला हवा होता, आणि किट त्यापुढे गेलेलं. आरडाओरडा झाला. आणि कंपनीने काय केलं? २०१६ साली साचेच नवे केले. चार पावलं मागे जाऊन सगळे गप्प बसले असते तर आज तेच थोराड १०९ सगळ्यांच्या कपाटात असतं.

मात्र त्या गोष्टीत एक मेख आहे. १०९ हजारोंनी बनली, कागदपत्रं ढिगाने, संग्रहालयांत जिवंत नमुने. मारुत दोन आसनी धरून सगळी मिळून १४७. तेव्हा @कासवगती, माझा पहिला प्रश्न किटला नाही, तुमच्या प्लॅनला आहे. तो कुणी काढला, आणि कशावरून?

कासवगती

काकू, पानावर चित्रकाराचं नाव कापलं गेलंय. पण रेघा फार सुबक आहेत.

कॅलिपरकाकू

सुबक रेघ म्हणजे काढणाऱ्याचा हात चांगला. विमान त्याने पाहिलं होतं का, हे त्यातून कळत नाही.

जोधपूर रिटर्न

वडील हवाई दलात होते, आम्ही क्वार्टर्समध्ये वाढलो. १० स्क्वाड्रनची मारुत रोज डोक्यावरून जायची. आवाजाबद्दल लिहीत नाही, तो प्लास्टिकमध्ये येत नाही. पण रूप पक्कं आठवतंय. जमिनीवर उभं असताना मारुत पायांवर उंच वाटायचं आणि नाक खूप पुढे. बाजूने पाहिलं तर सुरी. मागून पाहिलं की मात्र रुंद, कारण दोन ऑर्फियस इंजिनं शेजारी शेजारी. म्हणून "सडपातळ की जाड" हा प्रश्नच कुठून बघता त्यावर आहे.

जाता जाता, वडील सांगायचे की चारही एडन तोफा एकदम चालवल्या की विमान असं थरथरायचं की आत काहीबाही सुटायचं. आमच्या घरातला मिक्सर सुरू झाला की ते म्हणायचे, "तीस मिलिमीटर चालू झाली."

सोलापुरी चादर

मिक्सरवरून आठवलं, शेंगदाण्याची चटणी मिक्सरमध्ये करू नका. उखळ घ्या.

संथ वाहते

पहिल्या दहा प्रतिसादांत चटणी! नवा विक्रम. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

कर्वेरोडकर

पुणेकर असून अजून कुणी कमला नेहरू पार्क कसं काढलं नाही? आमच्या पिढीने आयुष्यात हात लावलेलं पहिलं जेट म्हणजे तिथलं मारुत. आम्हाला नाव बिव काही माहीत नव्हतं, "विमानाच्या बागेत जायचं" एवढंच. पुढे कळलं की कुर्ट टांक नावाच्या जर्मन माणसाने बंगलोरला बसून हे काढलं, आणि आपण त्याच्या शेपटीखाली भेळ खाल्ली होती.

काही वर्षांपूर्वी हाताने लाकडाचं मारुत करायला घेतलं, तेव्हा मापाची टेप घेऊन गेलो. मनात धाकधूक, की आता शिट्टी वाजणार. रखवालदारकाका आले, काय चाललंय विचारलं, आणि टेपचं दुसरं टोक धरून उभे राहिले! वर म्हणाले, "पंखाचं घ्या आधी, ते लांब आहे." त्या दिवशी एक शिकलो. खऱ्या विमानावर टेप लावणं दिसतं तेवढं सोपं नाही. पृष्ठभाग वळतो, टेप झोल खाते, आणि एकच माप तीनदा घेतलं तर तीन आकडे येतात. मी दोन टोकांवरून ओळंबे सोडले, जमिनीवर खडूने खुणा केल्या आणि खुणांमधलं अंतर मोजलं. आकडे तेव्हा कुठे स्थिरावले.

निळू फोटोवाला

कर्वेरोडकर, ओळंबा भारी! वाचनखूण साठवली.

फोटोंबद्दल थोडं, कारण नव्वद टक्के भांडणं "हा बघा फोटो" वरूनच होतात. मारुत जवळजवळ सोळा मीटर लांब. नाकासमोर चार मीटरवर तिरके उभे राहून फोटो काढलात तर शेपूट तुमच्यापासून वीसेक मीटरवर. म्हणजे फोटोत नाक शेपटीच्या मानाने पाचपट मोठं येणार. तेच साठ मीटर मागे गेलात आणि झूम लावला तर साठाला शहात्तर, फरक सव्वापटीवर येतो. लोक दोष लेन्सला देतात. दोषी असतं ते अंतर.

म्हणून आकार तपासायचा तर (अ) शक्य तितकं लांबून, (आ) विमानाच्या निम्म्या उंचीवर कॅमेरा धरून, (इ) बरोबर बाजूने. नाहीतर बागेतल्या फोटोत सगळीच विमानं नाकाड दिसतात.

आणि मोजायला फोटोत ओळखीची वस्तू शोधा. सगळ्यात चांगली म्हणजे टायर. विमानाच्या टायरवर त्याचं माप उठवलेलं असतं. ते वाचता आलं की फोटोतच फुटपट्टी मिळाली.

भुरटा वैमानिक

माझ्या स्कूटरच्या टायरवरही असतं. अचूक स्कूटर!

लोखंडे मास्तर

नमस्कार. मी मॉडेल करत नाही, नातू करतो. पण माझं आयुष्य पिंपरी-चिंचवडला डाय-मोल्डच्या कामात गेलं, म्हणून दोन शब्द.

आपण सगळे गृहीत धरता की कंपनीने आकृती चुकवली. काही चुका आकृतीत असतात, काही साच्यात जन्मतात. पॉलिस्टायरीन थंड होताना आकसतं, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. सव्वाशे मिलिमीटरच्या पंखात ते अर्धा-पाऊण मिलिमीटर होतं. म्हणून साचा तेवढा मोठा कापावा लागतो, आणि भिंत जिथे जाड तिथे आकस जास्त. धागाकर्त्यांचे १२४.७ म्हणजे त्या कारागिराने उत्तम काम केलंय असं मी म्हणेन.

दुसरं, साच्यातून तुकडा सुटायला भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो. सरळ उभी भिंत प्लास्टिकात मिळत नाही. चाकांच्या खोबणीत हे दिसेल.

तिसरी गंमत नातवामुळे कळली. तो म्हणाला, "आजोबा, पॅनेलच्या रेषा किती छान कोरल्यात." मी भिंगाखाली पाहिलं, रेघ असेल ०.१५ मिमी रुंद. गुणिले ७२, जवळपास अकरा मिलिमीटर! असली फट घेऊन विमान उडालं तर वैमानिकाला पाऊस लागेल. खऱ्यात ती फट मिलिमीटरभर असेल नसेल, म्हणजे मॉडेलवर ती डोळ्याला दिसायलाच नको. तरी रेषा नसल्या तर तुम्हीच म्हणणार, साबणाची वडी आहे. अचूकपणा मागता, पण मिळाला तर आवडायचा नाही.

शेवटचा स्प्रू

मास्तर, साष्टांग. हे छापून कपाटावर लावतो.

कॅलिपरकाकू

मास्तरांशी सहमत, पण स्प्रूभाऊंनी लगेच जिंकल्यासारखं करू नये. रेषेची जाडी ही तडजोड आहे, ती सगळ्यांना माहीत असते. धडाचा आकार चुकला तर ती चूक. तडजोडीचं नाव सांगून चुका खपवायच्या नसतात.

माझा क्रम सांगते. आधी तीन-चार ठोक मापं: विस्तार, लांबी, उंची, दोन मुख्य चाकांमधलं अंतर. लांबीच्या छापील आकड्यात नाकावरची नळी धरलीय का, हे आधी बघायचं, अर्धी भांडणं तिथेच मिटतात. मग कोन: पंख मागे किती वळलाय, टोकाकडे वर जातो की खाली. कोनाची चूक लांबूनही डोळ्यात खुपते. मग चेहरा, म्हणजे कॅनोपी, नाक आणि हवेची तोंडं. मारुतच्या दोन्ही बाजूंच्या तोंडांत ते अर्धे शंकू आहेत, ते चपटे झाले की सगळं गेलं. रिव्हेटं सगळ्यात शेवटी.

ढगातला

त्याहून मोठा प्रश्न: *कुठलं* मारुत अचूक हवंय? मला १९७१ चं करायचंय. त्या डिसेंबरात २२० स्क्वाड्रनच्या स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षींनी मारुतमधून पाकिस्तानी सेबर विमान पाडलं, त्या विमानावर डोळा आहे. पण आज जी विमानं बागांत आणि संग्रहालयांत उभी आहेत ती सेवेतून निवृत्त होऊन आलेली. मधे किती दुरुस्त्या, किती रंग. आमच्या गावाजवळ एका चौकात चौथऱ्यावर एक विमान (मारुत नव्हे) आहे, त्याच्या कॅनोपीची काच म्हणजे पत्रा आणि त्यावर निळा ऑइलपेंट. ते बघून कुणी "खऱ्या विमानावरून" मॉडेल केलं तर निळ्या काचेचं करेल.

कर्वेरोडकर

आणि वर म्हणेल, मी स्वतः हात लावून पाहिलंय!

संथ वाहते

माझ्यासारख्या अडाण्यांसाठी एक प्रश्न. याच टांकच्या फॉकवुल्फ १९० ची किटं दुकानात रांगेने दिसतात. मारुतला इतकी वर्षं का लागली?

ढगातला

संथताई, १९० बनली वीस हजारांच्या वर आणि दुसऱ्या महायुद्धात लढली, तिला जगभर गिऱ्हाईक आहे. मारुत फक्त आपण वापरलं. साच्याचा खर्च तेवढाच, घेणारे मूठभर. लोकांनी रेझिनची, हाताने घडवलेली करून वेळ भागवली.

एक किस्सा तुम्हाला आवडेल. १७ जून १९६१ ला मारुत पहिल्यांदा उडालं, पण त्याआधी १९५९ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टवाल्यांनी त्याच आकाराचं लाकडी ग्लायडर करून उडवून बघितलं होतं. म्हणजे मारुतचं पहिलं मॉडेल १/१ मध्ये आलं, तेही लाकडी!

भुरटा वैमानिक

१/१! कपाट केवढं होतं म्हणायचं.

म्युनिकचा मन्या

उशिरा पोचलो. मी म्युनिकजवळ राहतो. इथे श्लाइसहाइमला डॉइचेस म्युझियमची विमानांची शाखा आहे, तिथे एक मारुत आहे. जर्मन पोरं त्याच्यासमोरून सरळ पुढे जातात, मी दरवेळी पाच मिनिटं थांबतो. मागे आई आली होती, तिला दाखवलं तर म्हणाली, "अगंबाई, हे आपल्या पुण्यातलं इथे कधी आणलं?"

येत्या रविवारी जातोय. कुणाला नेमका कुठला कोन हवा ते लिहा. निळूभाऊंचे नियम पाळून काढतो.

निळू फोटोवाला

मन्या, कॅनोपी आणि तिच्यामागची पाठ, बरोबर बाजूने, जेवढं मागे जाता येईल तेवढं जाऊन. आणि चाकं.

शेवटचा स्प्रू

एका मिलिमीटरसाठी माणूस रविवारी संग्रहालयात चाललाय. मी या तीन दिवसांत एक हंटर विमान पुरं केलं. डिकल्ससकट (खुणांच्या चिकटचित्रांसकट).

कॅलिपरकाकू

अभिनंदन. कुठल्या मार्कचं, म्हणजे कुठल्या आवृत्तीचं?

शेवटचा स्प्रू

काकू, चार पावलं मागे या, मग सांगतो.

फुटपट्टी

प्लॅनवर उंची?

कासवगती

दोन दिवस बाहेरगावी होतो, आत्ता सगळं वाचलं. मास्तर, काकू, निळूभाऊ, खूप शिकायला मिळतंय.

@फुटपट्टी, तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत म्हणून मघाशी मोजली. खऱ्याची ३.६० मीटर, म्हणजे मॉडेलवर ५० हवी. प्लॅनवर चाकांच्या तळापासून शेपटीच्या टोकापर्यंत भरली ४८. मला वाटलं मोजताना चुकलं. मग त्याच पानावरचं वरून काढलेलं चित्र घेतलं आणि त्यावर पंखविस्तार मोजला. आत्तापर्यंत तो मी फक्त *किटचा* मोजला होता. १२५ हवा, प्लॅनवर आहे १२०.

म्हणजे आडवं सगळं बरोबर आणि उभं सगळं चार टक्के चेपलेलं?

निळू फोटोवाला

आई शप्पथ. अहो, पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय तुम्ही: मित्राने मोबाईलवर पानाचा फोटो काढला! पान टेबलावर आणि मोबाईल तिरका. पंधरा-सोळा अंश जरी कललेला असला तरी उंचीत चार टक्के जातात. वर तुम्ही लांबी जुळेल एवढं मोठं केलंत, म्हणजे आडवं माप नेमकं बरोबर बसलं आणि संशय यायला जागाच उरली नाही. मी इथे परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले कॅमेऱ्यावर, आणि हे नजरेसमोरून गेलं. स्वतःच्या कानशिलात मारून घेतोय.

फुटपट्टी

:)

भुरटा वैमानिक

फुटपट्टींनी आख्ख्या धाग्यात दहा-बारा शब्द लिहिले आणि सामना जिंकला. बाकीच्यांनी कादंबरी लिहिली.

लोखंडे मास्तर

कारखान्यात आम्ही नव्या पोराला पहिलं हेच शिकवायचो. जॉब मोजण्याआधी गेज मोज.

कासवगती

म्हणजे प्लॅनची उंची चार टक्क्यांनी वाढवली की पंचवीसेक मिलिमीटरच्या धडात एक मिलिमीटर येतो. तोच एक मिलिमीटर! किटचं धड बरोबर होतं. उगाच फराळाचं नाव घेतलं.

कॅलिपरकाकू

थांबा, इतक्यात पेढे वाटू नका. तुम्ही लिहिलं होतं की कॅनोपी प्लॅनवर चपखल बसते. प्लॅन चेपलेला. मग चेपलेल्या प्लॅनवर जी चपखल, ती कॅनोपी खऱ्या मापापेक्षा चार टक्के बुटकी झाली की नाही? ज्याला नापास केलंत ते पास, आणि ज्याला पैकीच्या पैकी दिलेत तिथेच घोळ.

संथ वाहते

एखाद्या रहस्यकथेत शेवटच्या पानावर आचारी खुनी निघावा तसं झालं हे.

शेवटचा स्प्रू

सहा मिलिमीटर उंच कॅनोपीचे चार टक्के म्हणजे पाव मिलिमीटर. पाव! प्लॅनवरची शाईची रेघच तेवढी जाड असते. काकू, रेघेच्या आतल्या कडेवर ठेवली की बाहेरच्या, हे कोण सांगणार?

कॅलिपरकाकू

हे मात्र बरोबर बोललात, लिहून ठेवते. एवढ्या फरकाचा निवाडा प्लॅनवरून होत नाही. त्याला फोटोच लागणार. मन्या?

म्युनिकचा मन्या

जाऊन आलो. बावीस फोटो सामायिक फोल्डरमध्ये टाकलेत, दुवा व्यक्तिगत निरोपाने पाठवतो. मागे जाता येईल तेवढं गेलो आणि कॅमेरा तिपाईवर कॅनोपीच्या उंचीला आणला. एक आजोबा जवळ आले, भारतीय का विचारलं, मग म्हणाले की टांकचं नाव त्यांना माहीत होतं पण हे विमान नाही. त्यांना पुण्याच्या बागेची आणि भेळेची गोष्ट सांगितली. भेळ म्हणजे काय ते समजावण्यात वीस मिनिटं गेली, टांकवर पाच.

निळू फोटोवाला

मन्या, एक नंबर. सातवा फोटो वापरला. पट्टीने माप घेतलं नाही, नुसतं गुणोत्तर काढलं: कॅनोपीची पाठीपासूनची उंची भागिले तिची लांबी. मग कासवगतींनी पाठवलेल्या किटच्या फोटोत तेच. किटची कॅनोपी किंचित बुटकी निघते. किती, ते छातीठोक सांगणार नाही, कारण किटचा फोटो त्यांनी परत हातभर अंतरावरून काढलाय.

कासवगती

सवय जात नाही हो. उद्या खोलीच्या त्या टोकावरून काढतो.

जोधपूर रिटर्न

सातवा फोटो मोठा करून बराच वेळ बघत बसलो. वडील असते तर त्यांना दाखवला असता. किटचा फोटोही बघितला. मला विचाराल तर डोळे जरा मिटल्यासारखे वाटतात त्याचे. आकडा नाही सांगता येणार.

कॅलिपरकाकू

जोधपूर, ही साक्ष मी निळूंच्या गुणोत्तराइतकीच धरते. @कासवगती, साच्यावर तापवलेली पारदर्शक शीट ओढून नवी कॅनोपी करता येईल. शाडूने किटचीच कॅनोपी केसभर उंचावायची आणि तिच्यावर ओढायची. जमलं नाही तर किटची आहेच.

शेवटचा स्प्रू

ते तुमचं तुम्ही बघा. मला एकच विचारायचंय. @कासवगती, धड तासलं नाहीत ना अजून?

कासवगती

...

शेवटचा स्प्रू

बोला.

कासवगती

बाहेरगावी जायच्या आदल्या रात्री हात शिवशिवत होते. फक्त डावा अर्धा. पाठीकडून. आता दोन्ही जोडून समोरून बघितलं तर विमान खांदा पाडून उभं आहे.

भुरटा वैमानिक

=))))))

संथ वाहते

अरेरे! (हसू नये, पण.)

लोखंडे मास्तर

घाबरू नका. पुटीचा थर देऊ नका, आकसेल. पातळ प्लास्टिक शीटची पट्टी कापा, पाठीच्या कडेवर पातळ सिमेंटने बसवा, दोन दिवस पूर्ण वाळू द्या, मग उजव्या अर्ध्याला जुळवत हळूहळू उतरवा. पुठ्ठ्याचा उजवीकडचा साचा कापा आणि उलटा करून डावीकडे लावून बघत जा. पट्टी किती जाडीची घ्यायची ते मात्र किती तासलंय त्यावर.

फुटपट्टी

किती तासलंय? मोजलं का?